ठोका कुणाचा?

वीजकेंद्रात किंवा मोबाइल टॉवरच्या खोलीत बसवलेल्या स्विचची पुढची पट्टी पाहिली तर इथरनेटचे आठ-दहा पोर्ट ओळीने असतात आणि कडेला अगदी तशाच तोंडाचे आणखी चार. केबल तीच बसते, खटका तोच वाजतो, फक्त वर 'ई-वन' असं छापलेलं असतं. इथरनेटच्या पोर्टात केबल खोचली की दोन्ही टोकं क्षणभरात आपसांत ठरवून मोकळी होतात: वेग शंभर की हजार, बोलणं आळीपाळीने की एकाच वेळी. माणसाला कोणी विचारत नाही. तीच केबल शेजारच्या ई-वन पोर्टात खोचली की दिवा लाल होतो आणि लालच राहतो. हा पोर्ट समोरच्याशी कसलीही बोलणी करत नाही. तारेचा रोध किती, शून्य आणि एक कसे पाठवायचे, चौकट कुठे सुरू होते, वेळ कुणाची मानायची, हे सगळं दोन्ही टोकांना माणसाने हाताने लिहून द्यावं लागतं. दोन टोकांना दोन माणसं असतील, एक जुन्नरला आणि एक नारायणगावला, तर त्यांनी आधी फोनवर बोलून घेतलेलं बरं.

टेलिफोनच्या धंद्यातली माणसं या जोडणीला 'टू एमबी' म्हणतात, नाहीतर नुसतं 'स्ट्रीम'. इंटरनेटच्या जमान्यात २ मेगाबिट ऐकून हसू येईल. पण रुग्णालयाच्या किंवा कारखान्याच्या ईपीएबीएक्समध्ये, म्हणजे खासगी एक्स्चेंजमध्ये, येणारी पीआरआय लाइन, जुन्या टू-जी टॉवरचा एक्स्चेंजशी असलेला सांधा, वीजवाहिनीच्या दोन टोकांच्या रिलेंनी एकमेकांना दिलेला बिघाडाचा इशारा, रेल्वेची नियंत्रण-दूरध्वनी यंत्रणा, हे सगळं वर्षानुवर्षं याच दोन मेगाबिटवर चालत आलं आहे. वेग कमी असला तरी त्यात एक गुण आहे: टाकलेला बिट ठरलेल्या वेळीच बाहेर पडतो. इथरनेट अशी हमी देत नाही.

हे प्रकरण मी जुन्नरच्या खोऱ्यात मांडतो आहे, त्याला कारण आहे. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाच्या लेण्यापाशी उभं राहिलं की तोंड दक्षिणेला येतं. खाली गोळेगाव, कुकडीचं पात्र, पलीकडे जुन्नर आणि त्यामागे शिवनेरी. बाहेरच्या जगाशी व्यवहार या खोऱ्याला नवा नाही. इथल्या सहाव्या लेण्यातल्या चैत्यगृहाच्या शिलालेखात कल्याणच्या दात्याचं नाव आहे, आणि कल्याणचा माल नाणेघाटातून इथे चढत असे. विसाव्या शतकात हीच देवघेव तारेवर आणि हवेत आली. पूर्वेला नारायणगावच्या बाजूला आर्वीला १९७१ साली भारताचं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. सुमारे ३० मीटर व्यासाची थाळी हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहाकडे रोखलेली होती आणि परदेशाचे फोन तिथून जात-येत. विक्रम साराभाईंच्या निधनानंतर केंद्राला त्यांचं नाव मिळालं. पुढे त्याच भागात खोडदला डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली: ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या, आणि त्यांतल्या टोकाच्या दोघींमधलं अंतर २५ किलोमीटर. दोन्ही ठिकाणी भोवतालच्या डोंगरांनी शहरी रेडिओगोंगाट अडवला, हा जागेचा मोठा फायदा होता. या दोन्ही केंद्रांना रोज जो प्रश्न सोडवावा लागला, तोच आपल्या लाल दिव्याच्या पोर्टातही दडलेला आहे. त्याच्याकडे यायला मात्र आधी तारेपासून सुरुवात करावी लागेल.

समजा, गोळेगावात एका टॉवरच्या खोलीत आपला स्विच आहे आणि त्याचा ई-वन पोर्ट नारायणगावच्या उपकरणाला जोडायचा आहे. प्रवाहाचा हिशेब सोपा आहे. माणसाचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजायचा आणि दर मोजणी ८ बिटांत लिहायची. एका संभाषणाला ६४ हजार बिट झाले. अशी ३२ घरं एकामागून एक लावली की २०,४८,००० बिट. एक फेरी, म्हणजे एक फ्रेम, २५६ बिटांची आणि १२५ मायक्रोसेकंदांची. शून्य क्रमांकाचं घर फ्रेमची सुरुवात ओळखायला राखलेलं, सोळावं बहुधा नंबर फिरवणं, घंटी वाजवणं अशा निरोपांना. उरलेल्या तीसांत तीस माणसं बोलतात. आवाज आकड्यांत लिहिण्याची ही कल्पना अॅलेक रीव्ह्ज या इंग्रज इंजिनिअरची, १९३७-३८ची, पॅरिसमधली. तेव्हा ती चालवायला लागणाऱ्या रेडिओ-नळ्यांचं बिलच कोणत्याही कंपनीचं दिवाळं काढणारं होतं. ट्रान्झिस्टर आल्यावर १९६२ साली अमेरिकेत २४ घरांची टी-वन आली. युरोपने ३२ घरं घेतली आणि भारतानेही तीच. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचं ग्रामीण एक्स्चेंज १९८६ साली कर्नाटकात कित्तूरला बसलं आणि तिथून देशभर खेड्यापाड्यांत पोचलं. ती पेटी आणि फ्रान्सच्या अल्काटेलची, मनकापूरच्या आयटीआय कारखान्यात बनणारी ई-टेन-बी ही मोठी एक्स्चेंजेस, दोन्ही याच २.०४८च्या हिशेबात बोलत. न्यू जर्सीत नोकरी केलेला मराठी इंजिनिअर इथल्या पोर्टासमोर बसला की त्याचा हात सवयीने टी-वनच्या सेटिंगकडे जातो. तिथे केबलची लांबी फुटांत विचारतात, १३३पर्यंत, २६६पर्यंत, असं ६५५ फुटांपर्यंत, आणि त्यानुसार विजेच्या नाडीचा आकार आधीच सावरून पाठवतात. ई-वनमध्ये लांबी विचारत नाहीत. तारेत ठरावीक मर्यादेपर्यंत क्षीण झालेली नाडी ऐकण्याची जबाबदारी घेणाऱ्याची.

तार दोन जातींची असते. एक्स्चेंजमधल्या तारा जोडायच्या जुन्या सांगाड्यावर, म्हणजे डीडीएफवर, बीएनसी टोकांच्या बारीक कोॲक्स केबली असतात, ७५ ओहमच्या, जाण्याची एक आणि येण्याची एक. नव्या उपकरणांवर पिळाच्या जोड्या असतात, १२० ओहमच्या. कोॲक्सवर नाडी २.३७ व्होल्टची, पिळाच्या जोडीवर ३ व्होल्टची. लांबी दोन्हीकडे २४४ नॅनोसेकंद. एका टोकाला कोॲक्स आणि दुसऱ्याला जोडी असेल तर मध्ये बालन नावाचा अंगठ्याएवढा ट्रान्सफॉर्मर लागतो. तो न लावता तारा नुसत्या पिळून जोडल्या तरी लाइन बरेचदा चालते, आणि घात तिथेच होतो. रोध जुळत नसला की नाडीचा काही भाग टोकावरून परत फिरतो, पुढच्या नाडीवर चढतो आणि तासाला दोन-चार बिट चुकायला लागतात. ओहमचं सेटिंग कुठे स्विचच्या आज्ञेत असतं, कुठे कार्डावरच्या छोट्या जंपरमध्ये. जंपर असेल तर कार्ड बाहेर काढल्याशिवाय दिसत नाही, आणि बसवणाऱ्याने ते पाहिलं होतं की नाही हे कळायला मार्ग नसतो.

तोंड इथरनेटसारखं असल्याचा तोटाही इथेच. शंभर मेगाबिटचं इथरनेट १-२ आणि ३-६ या पिनांवर चालतं, तर ई-वनमध्ये १-२ वर ऐकायचं आणि ४-५ वर बोलायचं. दोन उपकरणं थेट जोडायची तर १-२ची जोडी समोरच्या ४-५ला द्यावी लागते. दुकानातून आणलेली 'क्रॉस केबल' इथरनेटसाठी उलटवलेली असते, ती इथे उपयोगाची नाही. तिच्याने दिवा लाल राहतो आणि नवखा माणूस सेटिंगं बदलत बसतो. म्हणून जुने हात आधी केबल बघतात, मग स्क्रीन.

आता शून्य आणि एक. सरळ विचार केला तर एकसाठी नाडी पाठवायची आणि शून्यासाठी गप्प बसायचं. नाड्या एक वर, एक खाली अशा आलटून पालटून पाठवल्या की तारेवर सरासरी व्होल्टेज शून्य राहतं आणि ट्रान्सफॉर्मरमधून प्रवाह नीट पार होतो. या पद्धतीला एएमआय म्हणतात. अडचण गप्प बसण्यात आहे. घेणारा प्रत्येक नाडीच्या कडेवरून आपलं घड्याळ सावरत असतो. सलग तीस-चाळीस शून्यं आली की सावरायला काहीच नसतं, आणि चाळिसावं शून्य की एकेचाळिसावं याचा हिशेब हुकतो. त्यावर ई-वनचा तोडगा एचडीबी३ नावाचा. सलग चार शून्यं आली की त्यांच्या जागी मुद्दाम एक 'नियमभंग' घालायचा: चौथ्या जागी अशी नाडी पाठवायची की जी आधीच्या नाडीच्याच बाजूची असेल, म्हणजे वरनंतर पुन्हा वर. खरा एक असा कधीच येत नाही, त्यामुळे घेणारा ओळखतो की ही चार शून्यांची खूण आहे, आणि ती पुसून पुन्हा शून्यं मांडतो. नियमभंगही सारखे एकाच बाजूचे झाले तर सरासरी बिघडेल. म्हणून मागच्या नियमभंगापासून नाड्या सम संख्येने गेल्या असतील तर पहिल्या शून्याच्या जागी एक कायदेशीर नाडी आधी घालतात. विषम असतील तर घालत नाहीत. हे सगळं एका चिपमध्ये २४४ नॅनोसेकंदांच्या नाडीगणिक चालू असतं.

एका टोकाला एचडीबी३ आणि दुसऱ्याला एएमआय ठेवलं तर लाइन मरायला हवी. ती मरत नाही, फोन लागतात, आवाज येतो. कारण युरोपीय पद्धतीत आवाजाचे आठ बिट पाठवताना एकाआड एक बिट उलटवलेला असतो. कोणी बोलत नसेल तेव्हा तारेवर ११०१०१०१ असं काहीतरी जातं, सलग शून्यं क्वचितच. म्हणजे चुकीचं सेटिंग आवाजाखाली लपून बसतं. मग एके दिवशी त्याच लाइनवरून कोणी डेटा पाठवतो, एखाद्या फाइलमध्ये शून्यांची रास असते, आणि ती फाइल दर वेळी त्याच ठिकाणी अडते. तक्रार संगणकवाल्याकडे जाते. संगणकवाला केबल बदलतो, मग कार्ड बदलतो. लाइनकोडकडे कोणाचंच लक्ष जात नाही, कारण 'फोन तर चालू आहेत ना.'

नाड्या नीट आल्या म्हणजे बिट आले. पण २५६ बिटांची फेरी कुठून सुरू झाली? त्यासाठी शून्याव्या घरात एकाआड एक फ्रेममध्ये ००११०११ ही सात बिटांची ओळख असते. पोर्ट बिटांच्या ओघात ती शोधतो, बरोबर एक फ्रेम पुढे तिची प्रतिखूण आहे का बघतो, आणखी एक फ्रेम पुढे ती परत भेटते का बघतो, आणि मग हिरवा होतो. सात बिटांची खूण मात्र फार लांबलचक नाही. कोणाच्या डेटात योगायोगाने किंवा सवयीने तीच नक्षी त्याच अंतराने येत राहिली तर पोर्ट भलत्याच जागेला सुरुवात मानून बसतो आणि हिरवा दिवा दाखवत चुकीची घरं चुकीच्या माणसांना वाटतो. यावर उतारा म्हणून सीआरसी४ आलं: दर आठ फ्रेमांच्या, म्हणजे २०४८ बिटांच्या गठ्ठ्याची चार बिटांची पडताळणी पुढच्या गठ्ठ्यात पाठवायची. सेकंदाला १००० पडताळण्या होतात. त्यांतल्या ९१५ किंवा अधिक फसल्या तर पोर्ट समजतो की ही तार खराब नाही, आपणच चुकीच्या जागेवर बसलो आहोत, आणि शोध पुन्हा सुरू करतो. हा आकडा मला फार आवडतो. निव्वळ अंदाजपंचे बिट असले तर चार बिटांची पडताळणी सोळातून एकदा चुकून जुळते, म्हणजे हजारात साधारण ९३७ फसतात. ९१५ची रेघ नेमकी तिच्या थोडी अलीकडे मारली आहे.

सीआरसी४ एका टोकाला चालू आणि दुसऱ्याला बंद, ही दुसरी हमखास चूक. पीआरआय लाइन देणारा एक असतो, ईपीएबीएक्स बसवणारा दुसरा, आणि 'डिफॉल्ट ठेवलंय' हे दोघांचंही उत्तर. एकाचं डिफॉल्ट चालू असतं, दुसऱ्याचं बंद. काही उपकरणं समोरचा सीआरसी४ बोलत नाही हे ओळखून जुळवून घेतात, काही अडून बसतात. अशा वेळी एका टोकाला हिरवा आणि दुसऱ्याला पिवळा दिवा दिसतो आणि दोन इंजिनिअर फोनवर 'माझ्याकडून ओके आहे' असं एकमेकांना सांगत राहतात. दोघंही खरंच बोलत असतात.

ओहम, लाइनकोड, फ्रेमिंग ही तीन सेटिंगं चुकली तर निदान कधीतरी दिवा बोलतो. चौथं, म्हणजे क्लॉक, चुकलं तर दिवा हिरवाच राहतो, आणि माझ्या मते या पोर्टावरचा सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो. आज्ञा एका ओळीची असते: क्लॉक सोर्स लाइन, किंवा क्लॉक सोर्स इंटर्नल. पहिलीचा अर्थ, समोरून येणाऱ्या नाड्यांच्या ठोक्यावर आपण पाठवायचं. दुसरीचा अर्थ, आपल्या स्फटिकाच्या ठोक्यावर.

गोळेगाव आणि नारायणगाव दोन्ही टोकांना 'इंटर्नल' असेल तर दोन स्वतंत्र स्फटिक चालतात. दोन्हीवर २.०४८ मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं, पण जगात दोन स्फटिक नेमके सारखे नसतात. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या खोलीतला आणि वातानुकूलित खोलीतला तर नाहीच. घेणाऱ्या टोकाला एक छोटी स्मृती असते. एका नळाने भरणारा आणि दुसऱ्याने रिकामा होणारा हौद म्हणा. भरणारा नळ किंचित जोरात असला की हौद कधीतरी ओसंडतो. ओसंडताना बिट सांडू नयेत म्हणून पोर्ट एक अख्खी फ्रेम टाकून देतो. हौद आटत असेल तर शेवटची फ्रेम दुसऱ्यांदा वाचतो. याला स्लिप म्हणतात. फरक दहा लाखात एक एवढा असला, तर एक फ्रेम, म्हणजे १२५ मायक्रोसेकंद, सरकायला १२५ सेकंद लागतात. दर दोन मिनिटांना एक स्लिप. मानकाप्रमाणे ई-वनची गती दहा लाखात ५० इकडे-तिकडे चालते, तेव्हा दोन वाईट स्फटिक एकमेकांविरुद्ध गेले तर सव्वा सेकंदाला एक.

फोनवर बोलणाऱ्याला स्लिप म्हणजे बारीकसा 'टक्'. तो म्हणतो लाइनला जरा खरखर आहे. फॅक्सला मात्र पानाच्या मधोमध आडवी रेघ पडते किंवा पान अर्ध्यातच सुटतं. मोडेम जोडणी तोडून नव्याने सुरू करतो. दर दोन मिनिटांना, घड्याळ लावून. अशी नियमित तक्रार ऐकली की अनुभवी माणूस केबल न बघता क्लॉक विचारतो, कारण खराब तार एवढी शिस्तीने वागत नाही.

मग दोन्ही टोकांना 'लाइन' ठेवावं का? ते त्याहून वाईट. मग हा त्याच्या ठोक्यावर आणि तो ह्याच्या. मूळ ठोका कुणाचाच नाही. दोघं मिळून हळूहळू वाहवत जातात आणि एखाद्या टोकाची सावरण्याची मर्यादा संपली की लाइन पडते. थोड्या वेळाने आपोआप उभी राहते. मधल्या काळात स्लिपचा आकडा मात्र शून्य असतो, कारण दोघंही एकाच चुकीच्या गतीने चाललेले असतात. म्हणून नियम एकच: जाळ्यात मूळ घड्याळाच्या जवळ असलेलं टोक ठोका देईल, दुसरं घेईल. टेलिफोन कंपनीची पीआरआय असेल तर कंपनी देते आणि ईपीएबीएक्स घेतो. चार पोर्टांच्या स्विचमध्ये आणखी एक पेच: अख्ख्या स्विचचं घड्याळ चारपैकी कोणत्या पोर्टवरून घ्यायचं, ते पडलं तर दुसरा कोणता, हा क्रम वेगळा लिहून द्यावा लागतो. तो न लिहिता चारही पोर्टांना 'लाइन' म्हटलं, तर अनेक यंत्रं आपल्या मर्जीचा एक पोर्ट धरतात आणि बाकीच्या तीन पोर्टांवर स्लिप मोजत राहतात.

खोडदच्या दुर्बिणीलाही ठोक्याचाच प्रश्न आहे, पण कितीतरी बारीक प्रमाणात. तीस थाळ्यांनी टिपलेल्या लहरी एकमेकींशी ताडून पाहायच्या तर तीसही जणींनी एकाच घड्याळावर टिपलेल्या हव्यात. प्रत्येक थाळीखाली वेगळं घड्याळ ठेवून भागत नाही. म्हणून मध्यवर्ती इमारतीतला एकच संदर्भ-ठोका फायबरवरून दूरच्या थाळ्यांपर्यंत पाठवला जातो आणि थाळीवरचा रिसीव्हर त्याला बांधलेला असतो. आपल्या भाषेत सगळ्या थाळ्यांना 'क्लॉक सोर्स लाइन', आणि मूळ एकच.

आर्वीला जो प्रश्न यायचा तो याच्या नेमका उलटा. देशादेशांमधल्या डिजिटल जोडणीत ठोका कुणाचा घ्यायचा? कोणताही देश आपलं अख्खं टेलिफोन जाळं दुसऱ्याच्या घड्याळावर चालवायला तयार होत नाही, आणि ते योग्यच आहे. तेव्हा करार असा झाला की प्रत्येक देशाने आपलं मूळ घड्याळ, बहुधा सीझियमचं, शंभर अब्जांत एकापेक्षा जास्त चुकू द्यायचं नाही. अशी दोन घड्याळं एकमेकांविरुद्ध पुरेपूर चुकली तरी एक स्लिप पडायला सुमारे ७२ दिवस लागतात. सरहद्दीवरचा हा एक स्लिप सगळ्यांनी मान्य केलेला. भूकेंद्रांना यात आणखी एक भर होती. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवर 'स्थिर' म्हणतात खरा, पण दिवसभरात तो थोडा वर-खाली, थोडा जवळ-लांब होतो. जवळ येताना त्याच्याकडचे बिट किंचित लवकर पोचतात, लांब जाताना उशिरा. दोन्ही देशांची घड्याळं बिनचूक असली तरी उपग्रहाची ही रोजची हालचाल भूकेंद्राच्या हौदाला भरते आणि उपसते. त्यासाठी उपग्रहमार्गी डिजिटल जोडण्यांत मुद्दाम मोठी स्मृती ठेवतात. दिवसाअखेर पातळी परत मूळ जागी येते आणि एकही फ्रेम टाकावी लागत नाही. १९८६ साली परदेशी फोन चालवणाऱ्या ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसची विदेश संचार निगम झाली आणि परदेशी फोन हळूहळू समुद्राखालच्या फायबरवर गेले. फायबर जागचं हलत नाही, पण दोन देशांच्या घड्याळांचा करार तिथेही तोच आहे.

क्लॉकची आणखी एक, आज अधिक महत्त्वाची बाजू टॉवरवाल्यांना माहीत असते. टू-जी टॉवरला हवेत पाठवण्याची वारंवारता दहा लाखात ०.०५ इतकी अचूक ठेवावी लागते. संकष्टीला लेण्याद्रीहून उतरलेला माणूस गाडीत बोलत जुन्नरकडे निघाला की त्याचा कॉल एका टॉवरकडून दुसऱ्याकडे द्यायचा असतो, आणि दोन टॉवरांच्या वारंवारता दूर गेल्या तर तो मध्येच तुटतो. एवढी अचूकता टॉवरमधल्या स्वस्त स्फटिकात नसते. टॉवर ती ई-वन लाइनच्या नाड्यांवरूनच घेत असे. म्हणजे 'टू एमबी'ची तार आवाजाबरोबर वेळही पोचवत होती, आणि तिचं वेगळं बिल कधी आलं नाही. पुढे खर्च वाचवायला तार काढून इथरनेट आणलं तेव्हा ही फुकटची वेळही गेली, आणि ती भरून काढायला स्वतंत्र तंत्रं आणावी लागली: नाड्यांसकट ठोका पोचवणारं सिंक्रोनस इथरनेट, वेळेचे शिक्के मारलेली पाकिटं पाठवणारं आयईईई १५८८, आणि बऱ्याच टॉवरांवर सरळ जीपीएस.

आपल्या स्विचवरचे ते चार पोर्ट याच संक्रमणात जन्मले. जुनं उपकरण ई-वन बोलतं, मधलं जाळं इथरनेटचं झालं, तेव्हा स्विच ई-वनचे बिट पाकिटांत भरून पलीकडे पाठवतो आणि पलीकडचा स्विच ते परत तारेवर ओततो. बिट फ्रेमचा विचार न करता जसेच्या तसे न्यायचे असतील तर सॅटॉप ही पद्धत, आणि तेव्हा पोर्टाचं फ्रेमिंग 'अनफ्रेम्ड' ठेवायचं. घरं ओळखून हवी तेवढीच न्यायची असतील तर सीईएसओपीएसएन, आणि तेव्हा फ्रेमिंग व सीआरसी४ दोन्ही बाजूंच्या उपकरणांशी जुळवून. पाकिटं जाळ्यात मागेपुढे होत येतात, त्यामुळे पलीकडचा स्विच मूळ ठोका हौदाच्या पातळीवरून अंदाजाने काढतो: पातळी चढतेय म्हणजे आपण हळू, उतरतेय म्हणजे आपण घाईत. जाळ्यात गर्दीच्या वेळी हा अंदाज डळमळतो. वीजकेंद्राच्या रिलेला ते परवडत नाही, म्हणून तिथले लोक दोन्ही टोकांना सामाईक संदर्भ, जीपीएस किंवा १५८८, असल्याशिवाय ई-वन पाकिटांतून नेत नाहीत. ई-वन मुळातच एका माणसाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात वेळ देण्याची सोय आहे. ती काढून पाकीट लावलं की वेळेची जबाबदारी कुणाची तरी नव्याने ठरवावीच लागते.

शेवटी चाचणी. नारायणगावच्या माणसाला फोन करायचा, 'लूप दे.' तो आपल्या टोकाला जाणारी तार येणारीला जोडतो, किंवा आज्ञेने पोर्ट मागच्या मागे फिरवतो. गोळेगावहून चाचणी-यंत्र ठरलेली नक्षी पाठवतं आणि परत आलेली ताडून बघतं. एक बिटही चुकला नाही, की सगळे खूश. चोवीस तास चालवलं तर सुमारे १७,७०० कोटी बिट गेले आणि तेवढेच परत आले. तार, ओहम, लाइनकोड, कनेक्टर सगळं यात तपासलं जातं. फक्त क्लॉक तपासलं जात नाही. लूपमध्ये परत येणारा प्रवाह आपल्याच ठोक्यावर निघालेला असतो, त्यामुळे दोन घड्याळांची गाठच पडत नाही. 'लूपला क्लीन होतं, जोडल्यावर बिघडलं' ही एक्स्चेंजमधली जुनी तक्रार त्यातूनच येते, आणि मग केबलवाल्यावर संशय जातो.

म्हणून लूप काढायचा, दोन्ही उपकरणं खरोखर जोडायची, दोन्हीकडचे स्लिपचे आकडे एकाच वेळी शून्यावर आणायचे आणि एक रात्र तसंच सोडायचं. सकाळी आकडा शून्य असला तरी दोन्हीकडचा क्लॉक सोर्स आणखी एकदा वाचून घ्यावा, कारण 'लाइन-लाइन'च्या जोडीतही तो शून्यच दाखवतो. आकडा नियमित वाढलेला असेल तर रात्रीच्या सेकंदांना त्या आकड्याने भागायचं आणि १२५ला त्या उत्तराने भागायचं. दहा लाखात किती फरक आहे ते लगेच मिळतं. पाच-दहाचा फरक आला तर कुणीतरी 'इंटर्नल'वर आहे. फरक अब्जांशात आला, तर दोन्ही टोकं दोन वेगवेगळ्या, बऱ्यापैकी स्थिर घड्याळांना बांधलेली आहेत, आणि चौकशी या दोन खोल्यांच्या बाहेर, मुख्य एक्स्चेंजच्या क्लॉकच्या रॅकपाशी करावी लागते.